प्रभूची आत्या

प्रभू येशूला आत्या नाही, असं मी नाताळच्या आदल्या रविवारी भर उपासनेत जाहीर केलं.

जाहीर केलं म्हणजे टेबलावर हात आपटून केलं. मला कुणी विचारलं नव्हतं. प्रभूला आत्या आहे की मावशी, यावरून जळगावात कुठे भांडण लागलं नव्हतं. पण मी बाहेरगावच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून नुकताच परतलो होतो. आठवडाभर मिशनच्या शाळेत पोरांकडून पाढे घोटून घ्यायचे आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपदेश करायचा, अशी माझी नेमणूक होती. अंगात एका गोऱ्या साहेबाचा उतरलेला कोट होता, तो गुडघ्यापर्यंत यायचा. डोक्यात शाळेतली टिपणं होती. तीही तशीच, माझ्या मापाची नव्हती.

आमची मंडळी लहान. बहुतेक घरं जामनेरकडच्या आणि तापीकाठच्या खेड्यांतून आलेली. ख्रिस्ती होताना त्यांनी बरंच काही मागे टाकलं होतं, पण पाळणा टाकला नव्हता. नाताळच्या सकाळी उपासना आटोपली की बायका प्रार्थनामंदिराच्या आढ्याला पाळणा टांगायच्या. जवळच्या जिन कारखान्यातून कापूस आणून त्यात अंथरायच्या. पूर्वी म्हणे त्यात लाकडी बाहुली असे. मडमसाहेबांना ती मूर्ती वाटली, म्हणून बाहुली गेली आणि तिच्या जागी नव्या खणात गुंडाळलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक आलं. बायकांनी वाद घातला नाही. त्यांनी पुस्तकालाच टोपडं चढवलं.

मग पाळणा म्हणायचा. आणि शेवटी, कुठल्याही घरच्या बारशात होतं तसं, आत्याने पुढे व्हायचं, पाळण्यात वाकायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं. तिने नाव उच्चारलं रे उच्चारलं की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायच्या. हसणं, ओरडणं, मग घुगऱ्या. वर्षभर ज्या प्रार्थनामंदिरात मोठ्याने खोकायची चोरी, तिथे तेवढी घटकाभर जत्रा भरायची.

ही आत्या दरवर्षी एकच असे. मोठ्या दुष्काळात भुसावळच्या पुढे रुळांच्या कडेला मिशनच्या माणसांना एक पोर सापडली होती. बोलायला नुकतीच लागलेली, पण बापाचं नाव सांगता न येणारी. ती मिशनमध्येच वाढली. मिशनच्या गाडीवानाशी तिचं लग्न लावून दिलं, तो मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नाही. मी परतलो तेव्हा ती तिशीला टेकली होती. दवाखान्यातल्या पट्ट्या उकळायची, वाळवायची, गुंडाळायची. सगळे तिला अक्का म्हणत.

आता ज्या बाईला भाऊच नाही, ती आत्या कुणाची होणार? मंडळीत वर्षाला चार बारशी व्हायची. प्रत्येक बारशात अक्का मागे भिंतीला टेकून उभी असायची. पुढे ती फक्त नाताळला यायची. त्या दिवसासाठी तिने एक हिरवं लुगडं जपून ठेवलं होतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी लहानपणापासून ते लुगडं पाहत आलो होतो, आणि एका नाताळला तिच्या पाठीत एक बुक्का मीही हाणला होता. पण टिपणांत तिचा उल्लेख नव्हता.

तर त्या रविवारी माझा विषय होता, कुमारीच्या पोटी जन्म. मी म्हणालो, दर रविवारी आपण विश्वासांगीकारात म्हणतो की तो कुमारी मरीयेपासून जन्मला. म्हणतो, पण समजतो का? इथे मी थांबून सगळ्यांकडे पाहिलं. शाळेत तसं थांबायला शिकवलं होतं. मग म्हणालो, या जन्मात पुरुषाचा वाटा नाही. योसेफ हा सांभाळणारा, बाप नव्हे. बाप नाही तर बापाची बहीण कुठून आली? पाळण्यापाशी आत्या उभी करणं म्हणजे योसेफाला बाप ठरवणं, म्हणजे विश्वासांगीकार खोटा पाडणं. आणि हात आपटला.

माझी नजर छपराकडे होती. बायकांच्या बाजूला कोण कसं बसलं आहे, ते मी पाहिलंच नाही.

उपासना सुटल्यावर मंडळीचे एक वडील, म्हणजे पंच, रेल्वेतून पेन्शनीत निघालेले फिटर, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, हिशेब अगदी चोख मांडला." मी फुललो. पायरीवर दोघी-तिघी बायका थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बरं झालं बाई मास्तरांनी सांगितलं. आम्ही बोललो असतो तर वाईट झालो असतो."

"काय बोलला असता?"

"नवरा गेलेल्या बाईनं पाळण्याला हात लावायचा, तोही देवाच्या. माझ्या सासूला कधीच पसंत नव्हतं ते."

मी म्हणायला हवं होतं की अहो, मी हे कुठे म्हणालो? उलट मी कोटाची बटणं लावली आणि माझ्या उपदेशाचा परिणाम लगेच दिसू लागला, याचं समाधान मानून घरी जेवायला गेलो. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुपारी अक्का शाळेच्या ओट्यावर आली. चप्पल खाली काढून उभी राहिली.

"मास्तर, मग नाव कोन ठेवी?"

"नाव देवदूताने आधीच ठेवलंय, अक्का."

"ते शे. पण पाळण्यात वाकी कोन?"

"कुणी वाकायची गरज नाही. मी शास्त्रभाग वाचीन."

ती म्हणाली, "आन मी काय करू?"

मी खरोखर विचार केला. कुणालाही काम दिलं की बरं वाटतं, हेही मला शाळेत शिकवलं होतं. म्हणालो, "तुम्ही घुगऱ्या वाटा."

ती "बरं" म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून गेली. तिने हुज्जत घातली नाही, म्हणून मला वाटलं तिला पटलं.

नाताळच्या सकाळी पाळणा टांगला गेला. कापूस अंथरला, पुस्तकाला टोपडं घातलं. बायकांनी पाळणा म्हटला, पण शेवटच्या कडव्याला आवाज खाली खाली गेले, कारण पुढे काय करायचं ते कुणाला कळेना. मी पुढे झालो आणि वाचलं. मोठ्याने, स्पष्ट वाचलं. वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या पाठीत बुक्का घालायला कुणी पुढे आलं नाही. दोरी थोडा वेळ करकरली आणि पाळणा आपोआप थांबला. एक लहान पोरगी आईला विचारत होती, "झालं?"

अक्का दाराशी घमेलं घेऊन बसली होती. रोजचं विटलेलं लुगडं नेसून. तिने प्रत्येकाच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या, माझ्याही. घमेलं रिकामं झालं तशी विसळायला विहिरीवर गेली. जिन नाताळचं बंद नव्हतं. कापसाच्या हंगामात ते कुणासाठी बंद राहत नसे. त्याच्या धडधडीत आम्ही घुगऱ्या चावत उभे होतो.

उन्हाळा लागायच्या आत अक्काने धुळ्याच्या दवाखान्यात बदली मागून घेतली. तिथल्या मंडळीत पाळणा नव्हता. इथला पुढे माळ्यावर गेला आणि त्याला वाळवी लागली, पण ते नंतर.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. ते आपल्यातलेच, म्हातारे, बोलायला कंजूष. अक्का धुळ्याला गेल्याचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला शाळेत गाठलं. मी कौतुकाच्या तयारीत उभा राहिलो.

"मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय कुठपर्यंत वाचलास?"

"पूर्ण वाचलाय, साहेब."

"शेवटी नाव कोण ठेवतं?"

'देवदूत' म्हणायला मी तोंड उघडलं. नाव योसेफ ठेवतो. देवदूत त्यालाच सांगतो की नाव तू ठेव, आणि तो ठेवतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते.

"आपल्याकडे नाव ठेवलं म्हणजे काय केलं?"

"पोर आपलं म्हटलं."

"मग त्याच्या बहिणीला तू दारातून हाकललंस कसं?" ते म्हणाले. "पोर त्याचं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्याने माझं म्हटलं. तुझा सिद्धांत बरोबर आहे रे. तू तो अर्ध्यावर सोडलास. आता पुढच्या उपासनेला उभा राहा आणि मंडळीला सांग, मी चुकलो."

मी हो म्हणालो.

त्यानंतर मी नाताळचे कितीतरी उपदेश केले. पण त्या विषयाशी आलो की मी पान उलटून पुढे जातो. कुमारीच्या पोटी जन्म म्हणजे स्वच्छता, पावित्र्य, पांढरं शुभ्र काहीतरी, असं मी शिकून आलो होतो. नाझरेथसारख्या खेड्यात ते तसं दिसलं नसणार. आपल्या कुठल्याही खेड्यात दिसलं असतं तसंच दिसलं असणार: पाणवठ्यावर कुजबुज, आणि पोराला आयुष्यभर एकच प्रश्न, तुझा बाप कोण? देवाला यायला दुसरी वाट नव्हती का? होती. राजाच्या घरी, दोन्ही बाजूंचे नातेवाईक पंगतीला बसवून येता आलं असतं. तो जिथून आला तिथे बापाच्या नावाची जागा माणसांच्या लेखी रिकामी होती. ज्यांची ती जागा रिकामी आहे, त्यांना तो आपल्यातला वाटावा, हा त्या जन्माचा निदान एक अर्थ आहे. अक्काला हे कुणी शिकवलं होतं असं नाही. तिला फक्त ते बाळ जवळचं वाटायचं. मंडळीतल्या इतर कुठल्याही बाळाला तिची गरज नव्हती. याला होती, कारण याचंही बापाकडचं कुणी नव्हतं. आणि मी नेमकं तेच कारण पुढे करून तिला मागे ढकललं.

हे सगळं मला पाळकसाहेब बोलले तेव्हाच कळलं, असं सांगायला आवडलं असतं. तेव्हा मी एवढंच केलं की पुढच्या उपासनेला उभा राहिलो आणि क्षमा या विषयावर बोललो. सर्वसाधारण. पाळकसाहेब त्या दिवशी धरणगावला होते.

पुढच्या नाताळच्या थोडं आधी आमच्या घरी मुलगी झाली. मला बहीण नाही. बायको बाळंतपणातून जेमतेम उठत होती. तिने विचारलं, "आत्या कोण?" आणि मला एकदम फार मोठी कल्पना सुचली. अक्काला आणायचं. माझ्या मुलीची आत्या करायचं. म्हणजे ती माझी बहीण झाली, म्हणजे सगळंच मिटलं. कल्पना इतकी सुंदर होती की चाळीसगावला गाडी बदलताना माझेच डोळे भरून आले. बगलेत एक नवं लुगडं होतं, हिरवंच.

धुळ्याच्या दवाखान्यामागे ती दोरीवर पट्ट्या वाळत घालत होती. वाळली होती. खोकत होती. मला पाहून पदर सावरला.

"मास्तर! पोरगी झाली म्हने. दूध शे ना आईले?"

"आहे."

"झोपस का रातले?"

"ती झोपते, आम्हाला झोपू देत नाही."

ती हसली. मला धीर आला. मी लुगडं पुढे केलं आणि सांगितलं, बारशाला चला, नाव तुम्ही ठेवायचं. नाताळलाही राहा. पाळणा टांगू. योसेफाने नाव ठेवलं होतं, ते मी नीट पाहिलंय, आत्या चालते.

"चालते?" तिने हातातली ओली पट्टी पिळली. "कोन म्हने?"

"शास्त्रात आहे. पाळकसाहेबही म्हणाले."

"मंडळीले सांगं का तुम्ही? चुकनू म्हनून?"

मी म्हणालो, "तसं... क्षमेवर बोललो मी. आता तुम्ही आलात, पाळण्यापाशी उभ्या राहिलात, की लोकांना आपोआप कळेलच."

"म्हनजे मी उभी राहू. आन त्या बाया मना तोंडाकडे पाहतीन. तुम्ही शास्त्र वाचशात."

लुगडं अजून माझ्याच हातात होतं. ते तिने घेतलं नाही, नाकारलंही नाही. तिचे हात ओले होते. ती पुढची पट्टी दोरीवर टाकू लागली. बराच वेळ खोकली.

"तुमच्या पोरीले चांगलं नाव ठेवा," ती म्हणाली. "शेजारीण कोनीबी आत्या व्हई. मी नही येत."

"अक्का, मी माफी मागायला आलोय."

ती वळली. रागात आली की तिची बोली पार गावाकडची व्हायची.

"प्रभूले आत्या नही, हे बठ्ठ्या मंडळीसमोर हात आपटीसन सांगं. आन चुकनू, हे सांगाले आठे, धुळ्याले, एकटे, पट्ट्यास्ना मांगे लपीसन! मास्तर, तुम्ही भलते भित्रे शेतस."