चिठ्ठीतले प्रश्न

हुपरीजवळच्या आमच्या शाळेत त्या वर्षी परिपत्रक आलं: शाळेला स्वातंत्र्य, मूल केंद्रस्थानी. वाचून मला खरंच बरं वाटलं. मग पान उलटलं. स्वातंत्र्य कसं वापरायचं याचा नमुना मागे जोडलेला होता. मुलांनी रोज किमान पाच प्रश्न स्वतःहून विचारावेत आणि शिक्षकांनी ते टाचणात लिहावेत. आता टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची आज काढायची टिपणं. म्हणजे उद्या पोर स्वतःहून काय विचारणार, ते मी आजच लिहायचं!

दोन खोल्यांत चार इयत्ता, वर जनगणना नि मतदारयाद्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून सकाळी पाच जणांना वाटायची आणि पोरं ते पाठ करून विचारायची.

चौथीत एक मुलगी होती. तिच्या घरी चांदीचे पैंजण बनायचे, शाळा सुटली की आईशेजारी बसून तीही कड्या जोडायची. तपासणीला साहेब आले त्या दिवशी पाठ होता पूर्ण आणि अर्धा. तिच्या चिठ्ठीत होतं, 'अपूर्णांक म्हणजे काय?' ती उठली, जरा घुटमळली.

"बाई, पैंजण जोडीनंच इकत्यात की. मग एकच हातात असलं तर त्येला एक म्हनायचं का अर्धं?"

इतकी वर्षं मी अर्धी भाकरी शिकवत आले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. आनंदानं खडू उचलला तोच साहेबांचं बोट टाचणावरून फिरलं.

"बाई, ह्यो प्रश्न हितं दिसंना की."

"चुकून विचारला, साहेब," मी म्हणाले. "बस खाली गं."

बदलीची भीती नव्हती, कसलीच नव्हती. नुसता कंटाळा आला होता. त्याची मला आजही लाज वाटते. साहेबांनी शेरा मारला, 'मुले निर्भयपणे प्रश्न विचारतात,' आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी टाचण बाजूला ठेवलं, फळ्यावर पैंजणांचा जोड काढला आणि तिला जवळ बोलावलं.

"कालचा प्रश्न परत विचार की गं."

"त्यो चुकून इचारलाता, बाई," ती म्हणाली, आणि त्या दिवशीच्या चिठ्ठीसाठी तिनं हात पुढे केला.