सोडा घातला त्या दिवशी

"तू गप रे, फोन कोंबड्यांजवळ धर!" काका पोल्ट्रीवाल्याला दरडावत होते. डोळे मिटून त्यांनी शेडमधला आवाज ऐकला. "उकाड्यानं धापा टाकतत माझी पोरां!"

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात कोंबड्यांचं खाद्य हे मालवणी काका बनवतात. प्रत्येक मिश्रणाची चिमूट जिभेवर ठेवून चाखतात, वर "झकास!" म्हणतात. प्रयोगशाळेतल्या मला नावाऐवजी फक्त 'बाय' म्हणतात. मी लाजून फारशी बोलत नाही, म्हणून माझ्या वाटचंही तेच बोलतात.

धापा टाकून कोंबड्यांच्या रक्तातल्या क्षारांचा तोल ढळतो, वाढ खुंटते. म्हणून काकांनी खाद्यात खायचा सोडा घातला. मग सवयीनं रोजचं सगळं मीठही उचललं. पण सोडियम दोन्हींत असतं. ते जास्त झालं, की कोंबड्या पाणी पीत सुटतात, शेडमधला भुसा ओला होतो आणि सगळा कळप आजारी पडतो.

काका मीठ ओतायला वाकले.

"काय गो बाय, अशी काय बघतंस?"

माझे कान तापले. सगळे कामगार वळून बघण्याइतक्या मोठ्यानं मी म्हणाले, "काका, सोडा घातलाय ना, मग मीठ कमी करा! नाहीतर सगळ्यांना हगवण लागेल!"