चार बोटं

सांगलीत अण्णाच्या गुळाच्या वखारीमागं आमचं गॅरेज होतं. तिथून गाड्या कमी निघाल्या, किस्सेच जास्त. सांगायला बसलो की आधी हसू येतं, मग बापू आठवतो. चालायचंच. ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बापू वडूजचा, मिलिटरीत ड्रायव्हर होता. धिप्पाड गडी! अण्णा गुळाचा व्यापारी, मी वेल्डिंगवाला. तिघांत एक जुनी, दोन दारांची छोटी गाडी घेतली. साताऱ्याच्या घाटात हौशी लोकांची शर्यत व्हायची. तिथं गाडी चढवायची, एवढं एकच वेड बापूला होतं. "एकदा वर न्हेतो, मग काय बी हूं दे," म्हणायचा.

* * *

गाडी हलकी करायची म्हणून मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली. अण्णा तर ॲशट्रेसुद्धा उपसायला निघाला! बापू म्हणाला, "आवं अण्णा, मलाच चार दिस उपाशी ठेवा की! सगळ्यात जड मीच हाय!"

लय हसलो होतो तेव्हा. आता त्या वाक्याला हसवत नाही.

* * *

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. पण बापू आत बसला की ती उजवीकडं कलायची. म्हणून तिकडं जाड स्प्रिंग घातली, खास बापूच्या वजनाची. मोजायची पद्धत आमचीच. बापू सीटवर बसणार, अण्णा चाक आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालणार. माझी बोटं जाड, म्हणून तो मान अण्णाचा. दोन्हीकडं चार बोटं बसली की सस्पेन्शन ओके!

* * *

वाऱ्याची भानगड वेगळी. वारा गाडीखाली शिरू नये म्हणून बंपरखाली तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. वारा कसा सरकतो ते दिसावं म्हणून वहिनींनी, म्हणजे बापूच्या बायकोनं, जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या फाडून दिल्या. त्या गाडीभर चिकटवल्या. बापू गाडी पळवणार, आम्ही मोटरसायकलवरून चिंध्या बघणार.

तासगावच्या रस्त्याला एका म्हातारीनं गाडी अडवली. "वरात दिसतीया. नवरी कुठं हाय रं?"

बापूनं अण्णाकडं बोट दाखवलं. "ही काय! लाजतीया!"

* * *

मग एकदा उजवीकडं पाच बोटं बसली. मी स्प्रिंगेला शिव्या घातल्या, काढून दुसरी घातली. तरी पाच! "आयला, ह्या स्प्रिंगा वाढायला लागल्या का काय!" मी चिडलो. बापू सीटवरच बसून होता. त्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडलेली अण्णाला आधी दिसली.

स्प्रिंगेत काहीच बिघडलं नव्हतं. बापूच कमी झाला होता.

"अल्सर हाय, हुईल बरा," बापू म्हणाला. अण्णानं मात्र अट घातली, "पुन्हा चार बोटं बसतील तेव्हाच घाटात जायचं. नाहीतर गाडी भंगारात!" रागानं नाही, भीतीनं बोलला तो.

* * *

त्याच सुमाराला वखारीतल्या ढेपा कमी व्हायला लागल्या. अण्णा घुशींच्या नावानं शंख करायचा.

बापू म्हणाला, "आख्खी ढेप न्हेली? लय दांडगी घूस दिसतीया!"

* * *

शर्यतीआधी बापू "जरा धुतो" म्हणून गाडी घरी घेऊन गेला. परत आणली, आत बसला. अण्णानं बोटं घातली. चार!

"भरला रं गडी!" म्हणून अण्णा तिथंच रडायला लागला. हमालांना पेढे वाटले.

बापूनं घाट चढवला. शेवटून दुसरा आला, पण चढवला! वर पोचल्यावर किती तरी वेळ स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. आम्ही विचारलं, कशी पळाली?

"झ्याक. जरा जड वाटली," म्हणाला.

त्याच वर्षी बापू गेला. आम्ही गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या कोपऱ्यात जायचंच सोडलं.

* * *

एक दिवस वहिनी बापूकडं राहिलेले गॅरेजचे पाने परत द्यायला आल्या. त्याच दिवशी अण्णाला ताडपत्रीखालून मुंग्यांची रांग दिसली. ताडपत्री ओढली, रांग ड्रायव्हरच्या दारात शिरत होती. आम्ही सीट उचललं.

खाली गुळाच्या ढेपा. निळ्या लुगड्यात घट्ट बांधलेल्या.

वहिनी दारातच उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून त्यांनी विचारलं, "भावजी, त्या दिशी चारच बोटं बसली व्हती न्हवं?"

अण्णानं सीट होतं तसं परत ठेवलं.

"चारच, वहिनी."