एकच खोली गार

बहारीनमध्ये बुदैया गावाच्या पुढं, खजुराच्या बागेत उंच भिंतींआड एक सरकारी बंगला होता. परदेशी राष्ट्राध्यक्ष तिथं गुपचूप बोलणी करायला येत. नव्वदच्या दशकात तिथले एसी माझ्या ताब्यात होते. बोलणी सुरू झाली की फाटक बंद. आम्हाला बाहेर पडता येत नसे, घरी फोनही करता येत नसे.

एका ऑगस्टमध्ये दोन शेजारी देशांचे राष्ट्राध्यक्ष आले. सरहद्दीचं भांडण. दोघं आपापल्या दालनात फुगून बसले. बंगल्याचा म्हातारा बहारिनी व्यवस्थापक मला म्हणाला, "दोनों तरफ का एसी खलास. सिर्फ बीचवाला मजलिस ठंडा रखो. यल्ला, जल्दी!" मी एसी बंद केले आणि वर 'पार्ट यायचाय' अशी थाप मारली. संध्याकाळपर्यंत दोघंही मधल्या बैठकीत कोट काढून एकाच किटलीतला चहा पीत होते. निघताना गळाभेट झाली. मला हसू आवरेना.

त्याच दिवसांत माझ्या मुलीला ताप चढला होता. शहरात अदलिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांतून बायकोनं एकटीनं तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. मी घरी पोचलो तेव्हा पोर बरी झाली होती, पण बायकोनं एजंटाला दोघींची नागपूरची तिकिटं काढायला सांगितली होती. कायमचं जायला.

"लोकायचे भांडणं मिटवून राहिले तुमी, अन् घरी कोन पाहीन?" माझा एसीचा किस्सा ऐकून ती एवढंच म्हणाली आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. त्यानंतर बोलणं बंद.

मला वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता. हे सगळं मी कुणासाठी करत होतो? मग म्हटलं, उकाड्यापुढं राष्ट्राध्यक्ष नमतात, तर ही का नाही? आतल्या खोलीचा फ्यूज काढला, बाहेरच्या खोलीत तीन उशा मांडल्या. "एसी बिघडलाय, पार्ट यायचाय," असं दारातूनच सांगितलं.

ती आली नाही. सकाळी मुलगी डोळे चोळत बाहेर आली. "डॅडी, इट्स सो हॉट." तिच्या मागं बायको उभी होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"फ्यूज लावून द्या," ती शांतपणे म्हणाली. "जाईपर्यंत तरी पोरीले झोपू द्या."

त्या दोन राष्ट्राध्यक्षांना काहीतरी घेऊन आपापल्या देशात परतायचं होतं. हिला माझ्याकडून काहीच नको होतं. मी फ्यूज लावला, मशीन घरघरलं. तिनं मुलीला आत घेतलं आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. ती सवय मीच लावली होती.