स्लॅबवरचं पाणी

माझी सासू शांतीबाई कुणावर विश्वास ठेवायची? कुणावरच नाही. गिरणीत दळण टाकलं की पीठ हाती पडेपर्यंत तिथून हलायची नाही. मला पाहायला आली तेव्हा मला चालवून पाहिलं, वाचायला लावलं, आणि जाता जाता शेजारणीला हळूच विचारून गेली, "हे पोरगी याच घरची आहे ना वो? का दुसऱ्याची दाखवून राहिले?" शेजारीण माझी मैत्रीण होती, म्हणून हे मला कळलं. मी तेव्हाच ओळखलं, इथं आपलं काही खरं नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात आम्ही पुढच्या खोलीवरचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून स्लॅब टाकायचं ठरवलं. बोदलकसाच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव. गावातला पहिला स्लॅब बकाराम मिस्त्रीनं टाकला होता, म्हणून त्यालाच बोलावलं. माझा नवरा उमेंद्र तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर मुनीम. ऐन कामाच्या वेळी तो पंधरा दिवस जंगलात. म्हणजे घरी मी, सासू आणि मिस्त्री. देवा रे!

सासूनं पहिल्याच दिवशी कडुलिंबाखाली खाट टाकली आणि पहारा सुरू केला. दोन विटा एकमेकींवर आपटून कानाशी धरायची. शिजला भात चिमटीत दाबून पाहावा तसा जुडाईचा मसाला दाबून पाहायची. "मिस्त्री, यात शिमिट आहे का नुसती रेती?" बकाराम शांत माणूस. "मावशी, तुमीच टाका मंग," म्हणायचा आणि थापी चालवायचा.

त्याचंही बरंच अडकलेलं होतं यात. शेजारच्या गावचे गोपीचंद पटले चार खोल्यांचं घर बांधणार होते. त्यांनी बकारामला सांगितलं होतं, "शांतीबाईच्या घरचा स्लॅब पाहतो, मंग काम देतो. तिनं पास केलं तं माही हरकत नाही." त्या एका कामावर बकारामचं वर्ष निघणार होतं. तो मला म्हणाला, "वहिनी, एवढा स्लॅब नीट होऊ द्या. मंग दुसऱ्याच्या हाताखाली जायचं काम नाही."

स्लॅब टाकून झाला. मजुरांना वरण-भात आणि बुंदी दिली. दुसऱ्या दिवशी बकारामनं स्लॅबवर मातीच्या, बांधासारख्या लहान लहान पाळी घातल्या आणि मधे पाणी भरलं. शिडीवरून पाहिलं तर धानाच्या शेतातल्या बांध्याच. "चौदा दिवस पाणी हटू देऊ नका. आटलं तं भरा. आन् वर कोणाले चढू देऊ नका," असं बजावून तो दुसऱ्या गावी कामाला गेला.

झालं! सासूच्या डोक्यात किडा शिरला. "वर चढू नका म्हणते. कायले? पाण्याखाली काय लपवून राहिला तो?"

"माय, पाण्यानं स्लॅब पक्का होते म्हणतात."

"पाण्यानं चिखल होते. मले नको शिकवू."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. चढू नका हे त्यानं दोनदा सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी शेण घेऊन आले तर सासू फावडं घेऊन शिडीवर. बांधीतलं पाणी सोडतात तशी तिनं एकेक पाळ कापली. पाणी धो धो अंगणात. मी खांबाआड उभी राहून सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. मग ती मला म्हणाली, "वरचं पाणी गेलं वाटते. भरू नको. वाळू दे, मंग खरं काय ते दिसन." मी भरलं नाही. मे महिन्याचं ऊन, स्लॅब तव्यासारखा तापला. आठवड्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक भेगा पडल्या. "पाह्य, मी म्हणत नोहतो!" सासू एवढी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. तिरोड्याच्या बाजारात जाऊन तिनं दहा जणींना सांगितलं.

बकाराम आला तो गोपीचंदलाच घेऊन. दोघं वर चढले. बकारामनं भेगा पाहिल्या, मग कापलेल्या पाळी पाहिल्या, आणि खाली येऊन विचारलं, "पाळी कोणं फोडल्या?"

"खेकड्यानं फोडल्या असन," सासू म्हणाली.

धानाच्या बांधीची पाळ खेकडा फोडतो हे खरं, पण मे महिन्यात, शिडी चढून, स्लॅबवर खेकडा! गोपीचंद हसले. बकाराम हसला नाही. तो माझ्याकडं वळला. "वहिनी, तुमी तं घरीच होत्या. सांगा."

सासू माझ्याकडं टक लावून पाहत होती. मी म्हटलं, "मले नाही माहीत."

बकाराम म्हणाला, "जाऊ द्या. भेगा मी भरून देतो, पैसे नको." आणि गोपीचंदच्या मागं गेला.

ते गेल्यावर सासूनं मला समोर बसवलं. "तू खांबाआड होती. मी वरून पाह्यली होती तुले. मंग खोटं काऊन बोलली?"

"तुमच्यासाठी, माय."

"माह्यासाठी? मी खेकडा म्हणलं तं मिस्त्री ओळखून होता. तुह्यावर त्याचा भरोसा होता." ती उठली आणि पायात चपला घालत म्हणाली, "चाल. गोपीचंदच्या घरी. मी माह्यं सांगतो, तू तुह्यं सांग."

शांतीबाई स्वतःची चूक कबूल करायला निघाली, हे मला खरंच वाटेना. दोन कोस उन्हात चाललो. तिथं तिनं सगळं सांगितलं, पाळी, फावडं, खेकडा. मीही सांगितलं. गोपीचंदनं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिस्त्रीनं पाठवलं काय तुमाले?"

"नाही जी!"

"मंग तो फुकटात भेगा काऊन भरून देऊन राहिला? अन् आजच तुमाले खरं आठवलं? मावशी, काम मी तिरोड्याच्या ठेकेदाराले देतो."

सासू शपथ घेते म्हणाली, पण ते अर्धवटच राहिलं.

परतताना ती माझ्या पुढं चालत होती. आंब्याखाली थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोपीचंदच्या जागी मी असती तं मीही हेच म्हणलं असतं."

मला रडू आलं. बकारामनं सांगितल्याप्रमाणं येऊन भेगा भरल्या, आमच्या घरचं पाणीही प्याला नाही, आणि पावसाळ्याआधी नागपूरला एका ठेकेदाराच्या हाताखाली कामाला गेला.