पिशवीतला कोरडा जोड

पावसात मोटरसायकल चालवताना हात कोरडे कसे ठेवायचे, हे मला आमच्या वाडीत सगळ्यात चांगलं कळतं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून आहे. गेली अठरा वर्षं मी तिथून महाडच्या कारखान्यात जातो. घाटात धुकं उतरलेलं असतं आणि वारा ओल्या बोटांतून आरपार जातो. खाली महामार्गाला लागलं की ट्रकच्या चाकांचं पाणी अंगावर. महाड येईपर्यंत क्लच दाबला की सुटला हेही बोटांना कळत नाही.

पहिली दोन वर्षं मी रेनकोटच्या बाहीवरून हातमोजे चढवत होतो. सगळे तसंच करतात. मग बाहीवरून ओघळलेलं पाणी सरळ मोज्यात शिरतं आणि बोटं तांब्यात बुडवल्यासारखी होतात. पुढे मला युक्ती सापडली. आत लोकरीचे मोजे, त्यावर कारखान्यात ॲसिडच्या खात्यात मिळतात ते कोपरापर्यंतचे रबरी मोजे, एक माप मोठे, आणि त्या सगळ्यावरून रेनकोटची बाही. मनगटाशी काहीही घट्ट बांधायचं नाही. घट्ट बांधलं की रक्त अडतं आणि कोरडा हातसुद्धा गार पडतो. हे मी किती जणांना शिकवलं असेल. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

काही वर्षांपूर्वी महाडमध्ये शाळेचे गणवेश शिवायचं एक केंद्र निघालं. विजेच्या मशीनवर काम, आठ बायका घेणार होते. बायकोने नाव दिलं. तिच्याकडे माहेरून आलेलं पायाचं मशीन होतं, वाडीतल्या सगळ्या पोलक्यांची शिलाई तिच्याकडेच असायची. परीक्षा साधी होती : मशीनमध्ये दोरा ओवायचा आणि ठरल्या वेळात शर्टाला खिसा लावून दाखवायचा. महिनाभर ती जुन्या चादरीच्या तुकड्यांवर खिसे लावत होती. जेवणं उरकली की खिसे. एकदा मी घड्याळ लावलं होतं, ठरल्या वेळेच्या निम्म्यात तिने खिसा लावला आणि माझ्याकडे बघून हसली. मी म्हणालो, "तिथं विजेचं मशीन हाय. बोट शिवून घेशील."

तिला ते काम मिळू नये असं मला वाटत होतं. आई म्हातारी, म्हशी दोन, हे कारण मी स्वतःला देत होतो. खरं कारण असं की कारखान्यात इतक्या वर्षांत मला कोणी कधी परीक्षेला बोलावलं नव्हतं. मी मदतनीस म्हणून लागलो आणि मदतनीसच राहिलो.

परीक्षेच्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. लावण्या संपत आल्या होत्या, तिच्या बोटांच्या बेचक्यांत अजून चिखल्या होत्या. आई पडवीत बसून म्हणाली, "जा गो बाय, नोकरीला. म्हशी विचारतील तर सांगते, बाईसायेब हापिसात गेल्या."

बायको मला हळूच म्हणाली, "अवो, मोजे दुसरे नायत काय? हातांना आज जपाया पायजे."

"एकच जोड हाय. गाडी चालवणाऱ्याला लागतो. मागं बसणाऱ्याला काय करायचा?"

दुसरा जोड माझ्या सॅकमध्ये होता. पंधरा दिवसांपूर्वीच कारखान्यातून आणलेला, आत लोकरीचे मोजे घालून पिशवीत गुंडाळलेला, पहिला फाटला तर म्हणून. ते खोटं बोलायला मला काही ठरवावं लागलं नाही. ते तोंडात तयारच होतं.

मग मी तिच्या हातांची सोय केली. आमच्या घरात म्हशी, त्यामुळे दुधाची पिशवी कधी विकत आली नाही. पण पोलादपूरच्या चहावाल्याकडून मी रिकाम्या पिशव्या धुऊन आणत असे, सीटवर घालायला, मोबाइल गुंडाळायला. त्यातल्या दोन तिच्या हातांवर चढवल्या आणि मनगटावर रबर लावले. "पाणी शिरेल," ती म्हणाली. मी रबरांना आणखी एकेक वेढा दिला.

"लय आवळलंय."

"मग भिज."

ती एका बाजूला पाय टाकून बसली. माझी सॅक तिने मांडीवर घेतली. नवीन लग्न झालं तेव्हा ती एकदा घाटात माझ्या रेनकोटच्या खिशात हात घालून बसली होती. तेव्हा मी तिला खेकसलो होतो, लोक बघतात म्हणून. तेव्हापासून ती मागचा लोखंडी कॅरियर धरते. त्या दिवशीही एका हाताने कॅरियर, दुसऱ्याने सॅक.

घाट उतरताना ती दोनदा बोलली. पहिल्यांदा "हात बधिरलेत" आणि नंतर "जरा थांबता काय?" मी दुसऱ्या वेळी ऐकू आलं नाही असं केलं. पाऊस मोठा होता, ऐकू न येणं सोपं होतं.

पोलादपूरला चहाला थांबलो. चहावाल्याने तिचे हात बघितले आणि ओरडलाच, "अरे, ह्या माझ्याच पिशव्या! वैनीला पॅक करून कुठं पोचवतोस रे?"

बाकावरचा एक जण म्हणाला, "टोन हाय का फुल क्रीम?"

"घरचं म्हशीचं हाय," मी म्हणालो.

सगळे हसले. तीही हसली, थोडं उशिरा. तिने ग्लास दोन्ही पिशव्यांमध्ये धरला, पण तो तिला पेलला नाही आणि अर्धा चहा पातळावर सांडला. मी म्हणालो, "रबर सैल कर की मग." तिने नखांनी प्रयत्न केला. पिशवीतल्या बोटांना रबर पकडता येत नव्हता. मी माझा चहा संपवला. सॅक तिच्या मांडीवर होती. त्या वेळी मला दुसऱ्या जोडाची आठवण झाली, हे मला स्वच्छ आठवतं. मी "चल, उशीर होतोय" म्हणालो.

महाडला पोचलो तेव्हा मी स्वतः तिच्या मनगटांवरचे रबर काढले. खाली लाल वळ होते आणि त्यापुढे हात पांढरे, कागदासारखे. आतून घाम आणि पाणी दोन्ही निघालं. तिने हात काखेत धरले, तोंडाची वाफ दिली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

मी सॅक घेऊन दारात उभा होतो. मशीन दारासमोरच होतं. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईशी नेलं, चुकलं. पुन्हा ओलं केलं. बोटं दोरा धरत होती, पण किती जोरात धरलाय ते त्यांना कळत नसावं, कारण तो निसटत होता आणि ती तरीही सुईशी चिमूट नेत होती, रिकामी. एकदा तर तिने ती रिकामी चिमूट ओढून घेतली आणि मग खाली बघितलं.

परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, दोरा ओवता येत नाही आणि खिसा लावणार?"

"हात गार पडलेत, बाई. दोन मिनिटं द्या."

"सगळ्या पावसातूनच आल्यात. पुढच्या, या तुम्ही."

मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. तेव्हा मी माझे मोजे काढले होते. माझे हात उबदार होते, कोरडे. मी तो दोरा एका झटक्यात ओवला असता.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "सांगितलं होतं, विजेचं मशीन वेगळं असतं." हे वाक्य मी सकाळपासून जपून ठेवलं होतं की काय, मला माहीत नाही. पण ते बोलताना मला बरं वाटलं. ते बरं वाटणं पोलादपूरपर्यंत टिकलं.

परतताना त्याच टपरीशी थांबलो. डोकं पुसायला तिने टॉवेल काढायचा म्हणून सॅक उघडली. टॉवेलाबरोबर मोज्यांची पिशवी आली. तिने पिशवी उघडली, रबरी मोज्यात हात घातला, आतली लोकर चाचपली.

"हे कवापासून हायत हितं?"

"विसरलो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. घड्याळ लावून बसलं की माणूस बघतो तसं, वेळ मोजत.

"बरं," ती म्हणाली. मोज्याला मोजा लावून तिने नीट घडी घातली आणि पिशवी सॅकमध्ये परत ठेवली.

"घाल की आता," मी म्हणालो.

"आता कशाला?"

घाटात वर चढताना पाऊस तसाच होता. ती उघड्या हातांनी कॅरियर धरून बसली. मी दोनदा गाडी थांबवून मोजे घाल म्हणालो. तिला ऐकू आलं नाही.

त्यानंतर ती माझ्या गाडीवर बसलेली नाही. पोलादपूरला जायचं तर एसटीची वाट बघते, नाहीतर चालत उतरते. बाकी काही बदललं नाही. आई गेली, म्हशी विकल्या. मशीन पडवीत आहे, पोलकी आता वाडीतली दुसरी एक बाई शिवते. पावसाळ्यात माझे दोन्ही जोड ती चुलीवरच्या दोरीला वाळत घालते आणि सकाळी आतबाहेर करून, गरम असताना, दारात माझ्या हातात देते. माझ्या रेनकोटची बाही उसवली होती, तीही तिनेच शिवली. मनगटाशी इलॅस्टिक लावलं, सैलसर. मी न सांगता. इतकं नीट बेतलेलं इलॅस्टिक कुठल्या दुकानात मिळणार नाही. अठरा वर्षांत माझे हात इतके कोरडे कधी नव्हते.

मी विसरलो नव्हतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला ते माहीत आहे. पण मी ते तोंडाने म्हणावं याची ती वाट बघते की नाही, हे मला कळत नाही, आणि विचारायचं तर आधी ते म्हणावं लागेल.

गेल्या वर्षी पोलादपूरला तसंच एक शिवणाचं काम निघालं. परीक्षाही नव्हती, वाडीतल्या बायका तिचं नाव सांगून आल्या होत्या. मी दुपारी घरी येऊन तिला सांगितलं. एप्रिल होता. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती, अंगणातल्या दगडांवर पाय ठेववत नव्हता.

"जा तू," मी म्हणालो. "मी सोडतो रोज."

तिने आमसुलाचे लाल हात पातळाला पुसले आणि पुढची ओळ लावायला खाली वाकली.

"नको," ती म्हणाली. "हात गार पडतात."