नेव्हिल पास्कोची झांज

नेव्हिल पास्कोच्या मेफिल्डच्या घरात बैठकीच्या खोलीत खुर्ची एकच होती. परिस्थिती बेताची होती म्हणून नव्हे. दोन्ही स्पीकरांपासून नेमक्या सारख्या अंतरावर, कान नेमक्या उंचीवर येतील अशी ती ठेवलेली होती, आणि त्या जागेपासून वीतभर इकडेतिकडे सरकलं की संगीताचा सत्यानाश होतो असं नेव्हिलचं ठाम मत होतं. खुर्चीच्या चारही पायांखाली सतरंजीत त्याने बारीक पितळी खिळे ठोकले होते. साफसफाई करताना खुर्ची हलली की बायकोने ती परत खिळ्यांवर आणून ठेवायची. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसत.

त्याची बायको ग्लेनिसही तिथेच बसे. लग्नानंतर दोन वर्षांनी, एकोणऐंशी साली, नेव्हिलने गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने ते स्पीकर बनवले. छातीएवढे उंच, कपाटासारखे रुंद, एकेक उचलायला दोन माणसं लागत. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं या बाईने नवऱ्याचं सगळं संगीत भिंतीपलीकडून, बटाटे सोलता सोलता ऐकलं. एकदोनदा ती दारात येऊन उभी राहिली, “छान आहे रे हे,” म्हणाली. नेव्हिल म्हणाला, “काय छान आहे ते सांग बघू.” तिला सांगता आलं नाही. “तुला कान नाहीत ग्लेन,” तो म्हणाला. तो हे चिडून म्हणत नसे, एखाद्याला पोहता येत नाही हे सांगावं तसं म्हणे. तेच जास्त लागायचं.

त्याला मात्र कान होते. लोखंडाच्या कारखान्यात पत्रे लाटायच्या मिलमध्ये तो फिटर होता, आणि तिथे त्याच्या कानाची शपथ घेत असत. चालू यंत्रापाशी तो मान तिरकी करून उभा राही आणि सांगे, “तिसरं बेअरिंग. शुक्रवारपर्यंत जाईल.” ते शुक्रवारपर्यंत जाई. कारखान्याने कानांवर लावायला आवाज अडवणारी गादीची झाकणं दिली होती, कोणी लावलं नाही तर दम भरत. नेव्हिलचं झाकण एकोणतीस वर्षं खुंटीवर नवंकोरं राहिलं. “वैद्याने हातमोजे घालून नाडी बघायची का?” असं तो साहेबाला विचारी, आणि साहेबही हसून पुढे जाई.

गुडघे गेले तेव्हा मेफिल्डचं घर विकायचं ठरलं. तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळालं. बैठकीची खोली तीन मीटर बाय साडेतीन, आणि एक भिंत शेजारणीची. ग्लेनिसने कुरकुर केली नाही. तिची एकच अट होती.

“या वेळी दोन खुर्च्या,” ती म्हणाली. “माझी तुझ्या शेजारी. नाहीतर तू एकटाच जा तिकडे.”

“दोन खुर्च्या म्हणजे दोघंही मधोमध नाही.”

“नसू दे. सारखं मधोमध बसून तू काय मिळवलंस?”

नेव्हिल हो म्हणाला. त्याला तसंही ते मोठे स्पीकर नकोच झाले होते. एवढ्याशा खोलीत ते नुसते घुमले असते, खालचे स्वर भिंतींवर आपटून सगळा चिखल झाला असता, हे तर होतंच. पण खरं दुखणं वेगळं होतं. गेली दहाबारा वर्षं त्या स्पीकरांमधून झांज येईनाशी झाली होती. ड्रमवाल्याने तारांच्या झाडूने झांजेवर हलकेच फटकारलं की सळसळ उमटते, ती आधी फिकी पडली आणि मग पुसूनच गेली. नेव्हिलने वरचे स्वर काढणारे लहान घुमट दोनदा बदलले. मग अँप्लिफायर बदलला. मग तारा बदलल्या, अंगठ्याएवढ्या जाड तारा. त्याचा मित्र रॉस टियर्नी, जो स्पीकर-शौकिनांच्या हायफाय क्लबचा सगळा कारभार बघे, म्हणाला, “लेका, सगळं बदलून झालं. आता बायको तेवढी राहिली.” झांज काही आली नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण नेव्हिलला कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी त्याने अंगणच बदललं असतं.

दुकानदाराने ओळखीखातर लहान स्पीकरांच्या तीन जोड्या आठवड्याअखेरीस घरी नेऊ दिल्या. नव्या घरात नेव्हिलने त्या आळीपाळीने लावल्या. ज्याला मागे भोक आहे तो भिंतीपासून दूर सरकव, बंद खोक्याचा भिंतीजवळ ने, उंची कानाशी जुळव, असं त्याचं दिवसभर चाललं होतं. ग्लेनिस केस नीट करून, हातात चहाचा मग घेऊन दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसली. संगीत ऐकायला समोर बसण्याची तिची ही पहिलीच खेप होती, आणि पंचाहत्तरीच्या त्या बाईला कोणी नाटकाला नेल्यासारखं झालं होतं.

पहिली जोडी लागली. ग्लेनिस म्हणाली, “अगंबाई, किती गोड!”

“मेलेला आहे,” नेव्हिल म्हणाला. “झांज कुठे गेली?”

“वाजतेय की.”

“ती झांज नव्हे. बंद खोक्यातलं ऐकू येतंय ते. पुढचा.”

दुसरीचंही तेच झालं. तिसऱ्या जोडीच्या घुमटांना चकचकीत धातूची पातळ चकती होती. रेकॉर्डवर सुई टेकली आणि नेव्हिल खुर्चीत सरळ बसला. लांबून, पडद्यामागून यावी तशी पण नक्की, झांज आली. बारा वर्षांनी आली. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“नेव्हिल, हे टोचतंय रे कानाला,” ग्लेनिस म्हणाली. “सुया टोचल्यासारखं.”

“त्याला तपशील म्हणतात.”

“मला तो पहिलाच ठेव ना. दोघांनी ऐकायचं म्हणालास.”

“ग्लेन, तुला कान नाहीत हे आपलं ठरलंय ना? मग!”

तिने चहाचा मग खाली ठेवला. हा मूर्ख माणूस त्या क्षणी इतका सुखात होता की त्याला ती बोलली नाही हेही ऐकू आलं नाही.

जुने स्पीकर त्याने दोन माणसं लावून मेफिल्डच्या घराबाहेर रस्त्याकडेच्या गवतावर नेऊन उभे केले. वर्षातून एकदा मोठा कचरा उचलायला गाडी येते, त्याआधी ज्याला जे हवं ते त्याने न्यावं अशी तिकडची रीतच आहे. त्याने वर कागद चिकटवला: “वाजतात. पण म्हातारे झालेत.” तासाभराने जाऊन पाहिलं तर जागा रिकामी होती.

नव्या घरात ग्लेनिस आठवडाभर दुसऱ्या खुर्चीवर बसली. मग ती डोकं दुखतं म्हणू लागली. मग रेकॉर्ड लागली की व्हरांड्यात जाऊ लागली, दार ओढून घेऊन. शेजारणीनेही एकदा विचारलं, “सकाळी काय कापता हो तुम्ही, पत्रा?” नेव्हिलने मनाशी ताडलं की ग्लेनिस रुसली आहे, तिची निवड मोडली म्हणून. होईल आपोआप ठीक. तिची खुर्ची त्याने मिटून भिंतीला टेकवली आणि आपली पुन्हा मधोमध घेतली.

क्लब महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी स्काउटांच्या हॉलमध्ये भरत असे. पंधरावीस म्हातारे, आणि प्रत्येकाने घरून एक ताट खायचं आणायचं. बायका आल्या तर मागच्या स्वयंपाकघरात चहाच्या मोठ्या भांड्यापाशी बसत. त्या रविवारी नेव्हिलने आपले लहान स्पीकर नेले. रॉसचा आवडता खेळ असा की समोर काळी चादर बांधायची, मागे दोन जोड्या लावायच्या, एक आणि दोन, आणि कोणती कोणाची हे न सांगता हात वर करून मत घ्यायचं. ग्लेनिस अंड्याच्या सँडविचचं ताट घेऊन आत गेली.

एक नंबर वाजला. नेव्हिलने तोंड वाकडं केलं. “हा ज्याचा कोणाचा असेल त्याने त्यात कोंबड्या पाळाव्यात.” दोन नंबर वाजला. “आत्ता कसं!” तो म्हणाला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते. मतं घेतली. एक नंबरला सतरा. दोनला नेव्हिल.

“परत लाव एक,” नेव्हिल म्हणाला. “तुमच्या कानांत बोळे आहेत का रे?”

रॉसने परत एक लावला. ओळभर वाजलं असेल नसेल, स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ग्लेनिस फडक्याला हात पुसत बाहेर आली.

“आपले स्पीकर इथे कसे?” ती म्हणाली.

“आपले दोन नंबर, ग्लेन. तू जा आत.”

“अरे, आपले! घरचे! माझ्या स्वयंपाकघरात असेच ऐकू यायचे.”

रॉसने चादर खाली ओढली. ते छातीएवढे, कपाटासारखे, तेच. कोपऱ्यावर एकोणऐंशी सालचा करवतीचा ओरखडाही होता.

“मी उचलले गवतावरून,” रॉस चाचरत म्हणाला. “फेकवेनात रे माझ्याने. हात लावला नाही मी काही, तुझे होते तसेच आहेत.”

शहाण्याने इथे हसून चहा मागितला असता. नेव्हिलच्या मानेवर लाली चढली. सगळ्या क्लबापुढे, आणि तेही कान नसलेल्या बायकोकडून! “होते तसेच म्हणजे मेलेलेच,” तो म्हणाला. “वरचा स्वर निघत नाही त्यांतून. तपासायची रेकॉर्ड लाव. चढता सूर. कुठे तुटतो ते सगळ्यांना दिसू दे.”

“जाऊ दे ना, नेव्ह.”

“लाव म्हणतो ना!”

रॉसने लावली. सूर खालून निघाला, जाड, मग पातळ, मग शिट्टीसारखा, चढत चढत गेला. नेव्हिल मान तिरकी करून उभा होता, मिलमध्ये यंत्रापाशी उभा राहायचा तसाच. शिट्टी बारीक झाली आणि तुटली.

“झालं!” तो म्हणाला. “ऐकलंत? संपला. इथून पुढे काही नाही. बारा वर्षं हेच सांगतोय.”

त्याने वळून पाहिलं. सगळ्यांची तोंडं लिंबू चावल्यासारखी झाली होती. काहींनी कानांवर हात धरले होते. ग्लेनिसने फडक्यासकट दोन्ही हातांनी कान दाबले होते आणि ती डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. नेव्हिलला समजेना हे काय चाललंय. मग रॉसने सुई उचलली, आणि हॉलभरचे हात एकदम खाली आले.

तेव्हा नेव्हिलला समजलं, सूर कुठे तुटला होता ते.

घरी येताना गाडी ग्लेनिसने चालवली. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर चव्वेचाळीस वर्षांचं उट्टं काढलं असतं, आणि मी म्हणेन काढायलाच हवं होतं. ती फक्त रस्त्याबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवशी नेव्हिलने मिटलेली खुर्ची उघडली आणि आपल्या खुर्चीशेजारी मांडली, दोन्ही मधोमधपासून सारख्या अंतरावर. लहान स्पीकर खोलून त्या चकत्यांचा आवाज कमी करणारा छोटा तुकडा तारेत जोडला, वर फडक्याची घडी लावली. रेकॉर्ड लावली. त्याला आता नुसतं कोमट पाणी ऐकू येत होतं.

“ग्लेन, ये ना,” त्याने हाक मारली. “तू बसून सांग. तुला गोड लागेल तसं लावतो. तू सांगशील तेच.”

ती ओट्याशी बटाटे सोलत होती. “इथून ऐकू येतंय,” ती म्हणाली.

“अगं, पण खुर्ची मांडलीय तुझी.”

“बघितली.” सुरी चालत राहिली. “नको, नेव्हिल. तिथे तुझ्या शेजारी बसलं की मला सारखं वाटतं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. इथे तसं होत नाही.”

तो दारात आला. कधी काळी ती येऊन उभी राहायची तसाच चौकटीला धरून उभा राहिला. त्याला माफी मागायची होती. पण त्याने दुसरंच विचारलं.

“झांज वाजतेय का गं?”

तिने सुरी थांबवली, मान जरा तिरकी केली आणि ऐकलं.

“वाजतेय,” ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.

तो परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसला. शेजारची रिकामी होती. ती खरं सांगत होती की त्याचं मन राखत होती, हे ओळखायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. ग्लेनिसच्या कानांवर त्याला पहिल्यांदाच विश्वास ठेवावा लागत होता, आणि ते कान स्वयंपाकघरात होते.